बाई इटलीची, पत्ता बारामतीचा

ऐकलंत का? कोथरूडमध्ये एका चिरंजीवांनी म्हणे नवी व्हेस्पा घेतली आणि जन्मदात्या आईला तिच्या हुकाला भाजीची पिशवी अडकवू द्यायला साफ नकार दिला. हुक आहे, भक्कम आहे, कंपनीनंच बसवलाय. पण त्यावर मेथीची जुडी लोंबली की म्हणे गाडीचा 'लूक' जातो. "मग हुक कशाला दिलाय रे मेल्या?" असं आईनं विचारलं, तर म्हणाला, "तो क्लासिक आहे."

आता बोला! ज्या कुळातल्या गाडीवर पुढे थोरला उभा, मागे वहिनी, वहिनींच्या मांडीवर धाकटा आणि मध्ये पायाशी गॅसचा सिलिंडर अशी वरात पुण्यातून निघायची, त्या कुळात आता मेथी चालत नाही. मागे बसायचं तर बॅगेची चेन पत्र्याला लागणार नाही अशी हमी द्यावी लागते. पार्किंगमध्ये शेजारच्या ॲक्टिव्हाचा हँडल घासेल म्हणून मालक हॉटेलात पाठमोरे बसतच नाहीत. एक डोळा इडलीवर, एक गाडीवर.

बरं, पुण्यात कुणी गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आधी एकच प्रश्न विचारायची रीत आहे : ॲव्हरेज किती देते? या मंडळींना विचारून बघा. चेहराच पडतो. एक जण मला म्हणाला, "ती देत नाही काकू, ती घेते."

घेते म्हणजे किती? 2012 साली ही बया नव्यानं शोरूममध्ये आली तेव्हाच 66 हजारांच्या वर होती. आपली साधी गाडी घेऊन उरलेल्या पैशांत बरंच पेट्रोल आलं असतं. पण ती सुरुवात होती. 2016 मध्ये अरमानी या फॅशनवाल्यांचा हात लागलेली '946' नावाची व्हेस्पा इकडे आली, किंमत 12 लाख 4 हजार. इंजिन 125 सीसी! आमच्या आळीतल्या एकांनी हे वाचून आकडा दोनदा पुसला, त्यांना वाटलं चष्म्यावर शून्य चिकटलंय. 2022 मध्ये जस्टिन बीबर या गायकाच्या नावाची आली, 6 लाख 45 हजारांची, सीटपासून चाकांपर्यंत पांढरीशुभ्र. पांढरी! जुलैमध्ये सिंहगड रोडनं एकदा नेऊन आणा म्हणावं. आणि 2024 मध्ये अंगावर ड्रॅगन असलेली, 14 लाख 27 हजार. या पैशांत चार दारांची गाडी येते आणि तिच्या डिकीत भाजी राहते.

आता घराण्याचं सांगते, म्हणजे हा तोरा कुठून आला ते कळेल. माहेर इटलीत, पोंतेदेराला. घराणं विमानं बनवणारं, पियाजिओ. महायुद्धात कारखान्यावर बॉम्ब पडले, विमानांचा धंदा बसला आणि एन्रिको पियाजिओनं स्वस्तातली दुचाकी काढायचं मनावर घेतलं. आराखडा काढायला बसवलं कोराडिनो द'आस्कानिओला. हा गृहस्थ हेलिकॉप्टरवाला, आणि त्याला मोटरसायकल मुळीच आवडायची नाही! चेन उघडी, कपडे काळे, पंक्चर काढणं म्हणजे डोकेदुखी. म्हणून त्यानं इंजिन पत्र्याआड लपवलं आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूच्या दांडीवर टांगलं. 1946 चा हा उद्योग. 1953 मध्ये 'रोमन हॉलिडे' आला, त्यात राजकन्या झालेली ऑड्री हेपबर्न रोमभर व्हेस्पा पिटाळत फिरली, आणि मग काय विचारता!

आपल्याकडचे संसार मात्र तिचे फारसे टिकले नाहीत. 1960 च्या सुमारास बजाजशी जमलं, बाई आकुर्डीला नांदू लागली. 1971 मध्ये करार संपला आणि तिकडच्यांनी तो पुढे वाढवला नाही. बजाजांनी रडत न बसता दुसऱ्याच वर्षी जवळजवळ तशाच चेहऱ्याची चेतक काढली. तोंडावळा आईचा, नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं. या चेतकसाठी लोकांनी दहा-दहा वर्षं नंबर लावले. मुलाचं स्थळ बघताना नोकरी, घर आणि स्कूटरचं बुकिंग अशी तिन्हींची चौकशी व्हायची. इकडे बाईंनी कानपूरच्या एलएमएलशी दुसरा घरोबा केला, 1999 मध्ये तोही मोडला. आणि शेवटी 2012 मध्ये स्वतंत्र बिऱ्हाड थाटलं ते कुठे? मिलान नाही, मुंबई नाही. बारामती!

त्यातही खरी बातमी पुढेच आहे. ही जिला भाजीची पिशवी खपत नाही, तिची सख्खी बहीण याच बारामतीत वर्षानुवर्षं कांद्याची पोती वाहतेय. आपे! आपली तीन चाकी आपे हो, जिच्यात चार माणसांच्या जागी नऊ बसतात. ती 1948 मध्ये इटलीत व्हेस्पालाच मागे दोन चाकं आणि हौदा जोडून झालेली. धाकटीनं कष्ट उपसायचे आणि थोरलीनं फ्लॅनेलनं अंग पुसून घ्यायचं. सिग्नलला दोघी शेजारी आल्या तरी थोरली ओळख देत नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

राहता राहिली चेतक. 2009 च्या डिसेंबरात बजाजांनी स्कूटर बनवणंच थांबवायचं जाहीर केलं. निर्णय राजीव बजाजांचा, आणि आपल्याला त्याचं दुःख झालं हे राहुल बजाजांनी चारचौघांत सांगितलं. बापलेकांतलं असं सहसा बाहेर येत नाही, म्हणून आठवतंय. दहा वर्षांनी चेतक परत आली ती बॅटरीवर. अंग पत्र्याचं, वळण जुनं, आवाज शून्य. पूर्वी चेतक दोन गल्ल्या अलीकडे आली की कुकर लावायचा हे ठरलेलं असे. आता नवरा थेट स्वयंपाकघराच्या दारात उगवतो.

आणि गिअर? ते तर कोणाच्याच पदरात नाहीत. डाव्या मुठीत क्लच दाबून गिअर फिरवायचे, उजव्या पायानं ब्रेक मारायचा, रुसली की एका अंगाला कलती करून किका मारायच्या, प्लग काढून फुंकायचा. एवढं शिक्षण झालं की माणूस पुण्यात सज्ञान समजला जाई. 1984 मध्ये बिनगिअरची कायनेटिक होंडा आली तेव्हा याच पुरुषांनी 'लेडीज गाडी' म्हणून नाकं मुरडली होती. बायकांनी शांतपणे ती चालवली, नोकऱ्या केल्या, पोरं शाळेत सोडली. आज त्याच पुरुषांचे दाढीवाले मुलगे पिस्ता रंगाच्या बिनगिअर गाडीवर फोटो काढून घेतात. आत तोच पट्टा आणि त्याच दोन पुली हो! वेग वाढेल तसा पट्टा आपसूक वर-खाली सरकतो, संपलं. पण आता त्याला 'राइड' म्हणायचं. लेडीज कुठे गेलं, कोण जाणे.

यात सगळ्यात जास्त हात चोळतायत ते ज्यांनी घरची खरी चेतक भंगारात घातली ते. आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या आजोबांनी नाही घातली. आजी इतकी वर्षं ओरडत होत्या, "ते धूड काढा, माझी तुळस ठेवायची आहे तिथे." आजोबांनी ताडपत्री घातली, पासिंग नव्यानं करून घेतलं, ग्रीन टॅक्स भरला, आणि गप्प बसले. आता तीन नातू दर रविवारी येतात. पूर्वी फोनसुद्धा करत नव्हते. एक पत्रा पुसतो, एक सीट शिवून आणतो, एक नुसताच पाया पडतो. थोरला आणि मधला दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नाहीत म्हणे. किल्ली आजोबांच्या जानव्याला. परवा डॉक्टरांनी एक्स-रेसाठी काढायला सांगितली, तर म्हणाले, "राहू दे, फोटोत आली तरी चालेल."