तातडीची तेरा वर्षं

संविधान लिहिणाऱ्यांचा माणसावर फार विश्वास. अधिवेशन चालू नाही आणि तातडीचं काही उद्भवलं, तर राज्यपालांनी वटहुकूम काढावा, असं त्यांनी अनुच्छेद २१३ मध्ये लिहून ठेवलं. लगामही घातला: विधिमंडळ भरलं की वटहुकूम त्याच्यापुढे ठेवायचा, आणि कायदा झाला नाही तर सहा आठवड्यांनी तो आपोआप बाद. ते सहा आठवडे भरण्याआधीच तोच वटहुकूम पुन्हा काढता येतो, हे सुचायला मात्र पाटण्याचं सचिवालय लागलं.

बिहारमध्ये १९६८ साली उसाच्या खरेदी-पुरवठ्याबाबत एक वटहुकूम निघाला. प्रसंग भलताच निकडीचा असावा, कारण ही निकड १३ वर्षांहून अधिक काळ टिकली. तेवढ्यात किती ऊस लागला, तुटला, गाळला गेला! मुख्यमंत्री आले नि गेले, मधूनमधून राष्ट्रपती राजवटही डोकावून गेली. वटहुकूम जागचा हलला नाही.

पुण्याच्या गोखले संस्थेतले प्रा. डी. सी. वाधवा बिहारच्या जमीनधारणेवर संशोधन करत होते. संशोधकाने आपलं काम करावं, पण हे गृहस्थ वटहुकूम मोजत बसले. १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम निघाले होते, एकेक वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जगवलेले. कामाची शिस्तही वाखाणण्याजोगी. जुलै १९८१ मध्ये अधिवेशन संपताच सगळ्या खात्यांना पत्र गेलं: मुदत संपण्याआधी आपापले वटहुकूम पुन्हा काढून घ्या, मजकूर जसाच्या तसा असेल, तर मंत्रिमंडळाची मान्यताही नको.

बहुमत असलेल्या सरकारला कायदा करायला एक दुपार पुरते. पण सभागृहात विरोधक असतात, ते प्रश्न विचारतात, आणि क्वचित विधेयक वाचलेलंही असतं. त्यापेक्षा ही वाटणी बरी: सल्ला मंत्र्यांचा, सही राज्यपालांची, आणि डोळे मिटून बसण्याची जबाबदारी आमदारांची. मुदत सरकारने घालवली हे खरं, पण ती ज्यांच्या अधिकारासाठी घातली होती, त्यांनी कधी तक्रार केली? तक्रार करायला पुण्याहून प्राध्यापक सर्वोच्च न्यायालयात जावा लागला.

डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराला संविधानाची फसवणूक म्हटलं आणि वाधवांना खर्चापोटी १०,००० रुपये देववले. वटहुकुमामागे ३९ रुपये आणि वर काही पैसे.

बिहारने निकाल नीट वाचला असणार. १९८९ मध्ये तिथे खाजगी संस्कृत शाळा ताब्यात घेणारा वटहुकूम निघाला, मग त्याचीच नवी आवृत्ती, मग आणखी एक. १९९२ पर्यंत हे चाललं आणि त्यातला एकही विधिमंडळापुढे ठेवला गेला नाही. शेवटचा वटहुकूम बाद झाला तेव्हा शिक्षकांना कळेना, आपण सरकारी की खाजगी, आणि पगार मागायचा कुणाकडे. वटहुकूम सभागृहापुढे ठेवणं बंधनकारकच आहे, असं सात न्यायमूर्तींच्या पीठाने त्यांच्या खटल्यात सांगितलं. शिक्षकांना मात्र त्या वटहुकुमांतून कायमचा हक्क काही मिळाला नाही. हा निकाल लागला जानेवारी २०१७ मध्ये. एवढ्या प्रकरणात घाई नव्हती ती फक्त इथे.