गाडी मिसिंग करायली

नवं वाहन देवीच्या पायरीला लावल्याशिवाय लांब न्यायचं नाही, असा आमच्या ताईचा नियम. भाच्याने दसऱ्याला 125 सीसीची मोटारसायकल घेतली. माहूरचा मुहूर्त काही जुळेना. शेवटी ताईच शेजारणींसोबत जीपने माहूरला जाऊन आली, गाडीच्या वतीने रेणुकामातेला नमस्कार करून आली आणि ‘आता न्या कुठं न्यायची ते’ म्हणाली. भाच्याने सहस्रकुंडचा धबधबा ठरवला आणि मागे मला बसवलं. नांदेड, भोकर, हिमायतनगर, इस्लापूर असा शंभरेक किलोमीटरचा रस्ता. चालवणाऱ्याला तो कमी वाटतो. मागच्या सीटवरचं अंतर वेगळ्या मापाने मोजतात.

भोकरच्या अलीकडे गाडी मिसिंग करू लागली. चाळीस-पंचेचाळीसपर्यंत एकदम गुणी. त्यापुढे रेस दिली की घुर्रर्र करायची, दोन गचके द्यायची आणि पिकअप सोडून द्यायची. रेस कमी केली की पुन्हा शहाणी. थांबून उभ्या-उभ्या आयडलिंगला ठेवली तर इतकी सुरेख चालायची की तक्रार करणाऱ्याचीच लाज निघावी.

मराठवाड्यात रस्त्याकडेला गाडी बंद करून तिच्याकडे खाली वाकून पाहिलं की माणसं जमायला वेळ लागत नाही. भोकरला चहाच्या हॉटेलवाल्याने कप ठेवता ठेवताच निकाल दिला.

“पेट्रोल, सर. वीस टक्के उसाची दारू हाय त्याच्यात. पिऊन चालवायला बंदी अन् पाजून चालवायची सक्ती!”

हे त्याचं पाठ झालेलं वाक्य असावं, कारण बाकड्यावरचे लोक वाक्य संपायच्या आधीच हसले. माणूस अगदीच चूक नव्हता. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळतं. इथेनॉल उसाप्रमाणे मक्यापासून आणि तांदळाच्या कण्यांपासूनही बनतं. त्यात पेट्रोलपेक्षा ताकद साधारण एक तृतीयांशाने कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं. शिवाय ते पाणी ओढून घेतं. टाकीत पाणी फार झालं तर इथेनॉल त्याच्यासोबत तळाशी जाऊन बसतं, आणि मग गाडी गचके देणारच. पण तळाशी बसलेलं पाणी स्पीडोमीटर वाचत नाही. ते चाळीसलाही गचके देईल. आमच्या गाडीला पंचेचाळीसचंच वावडं होतं.

“एअर धरली,” बाकड्यावरचे एक पाव्हणे म्हणाले. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी इंजिनाला कान लावला, डोळे मिटले. डिझेलच्या पाइपात हवा शिरली की काय काय होतं ते त्यांनी माहूरच्या घाटासकट सांगितलं. त्यात एक प्रवासी बाळंत झाल्याचाही भाग होता. “पंप मारून एअर काढा,” ते म्हणाले. पेट्रोलच्या मोटारसायकलला हाताने मारायचा तसला पंपच नसतो, हे सांगायची भाच्याची छाती झाली नाही. “काढतो काका,” म्हणून त्याने किक मारल्याचा अभिनय केला. गाडीला किकही नव्हती.

हिमायतनगरला, म्हणजे जुन्या वाढोण्याला, परमेश्वराच्या देवळाची वाट विचारणारे बरेच. आम्ही गॅरेजची विचारली. गॅरेजवाले चाचा राजदूत आणि एम-80 च्या जमान्यातले. दुधाच्या कॅनसकट एम-80 दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी प्लग काढला. काजळी धरून काळाकुट्ट.

“पेट्रोल जादा पी रही,” चाचा म्हणाले.

रोग बरोबर ओळखला. मग ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली बसले आणि कार्बोरेटर शोधू लागले. डावीकडून पाहिलं. उजवीकडून पाहिलं. “किधर गया रे?” असं त्यांनी गाडीलाच विचारलं. 2020 च्या एप्रिलमधे बीएस-6 चा नियम आला तेव्हा बहुतेक गाड्यांतून तो गेला, चाचा. आता हवेसाठी एक झडप आहे आणि पेट्रोल पिचकारीने मारायचं काम इंजेक्टर करतो. किती मारायचं ते सीटखालचा एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. आपण मूठ किती पिळली हे थ्रॉटलजवळचा सेन्सर त्याला कळवतो. पिळायला स्क्रूच ठेवलेला नाही. चाचांनी प्लग पॉलिश पेपरने घासून परत बसवला आणि वीस रुपये घेतले. तो पुढे काही किलोमीटर श्रद्धेवर चालला.

मग साग सुरू झाला. चढ-उतार आले. एक कापसाचा टेम्पो आमच्या पुढे गेला. कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, वर चार माणसं, आणि चौघंही आमच्याकडे बघत. त्यातल्या एकाने हात केला. तो ‘या’ असा होता की ‘राहू द्या’ असा, ते कळलं नाही. शेजारून मुदखेड-आदिलाबाद लोहमार्ग जातो. त्या क्षणी एखादी गाडी आली असती तर मी दुचाकीवर पाणी सोडलं असतं.

इस्लापूर मला आधीपासूनच आवडतं. हे सर्कल 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्यात होतं. राज्यांची पुनर्रचना झाली आणि ते नांदेडात आलं. जागचं न हलता राज्य बदललं. आम्ही तिथवर हललो, पण तेवढंच.

इथला मेस्त्री विशीतला पोरगा. कान लावला नाही, डोळे मिटले नाहीत. गाडीवर एक चक्कर मारून आला, डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला नाही हे पाहिलं आणि विचारलं:

“मामा, सीटखाली काय ठिवलंय?”

भोकरपासून प्रत्येकाने कंपनीने गाडीत काय घातलं हे विचारलं होतं. आम्ही काय घातलं ते विचारणारा हा पहिलाच.

“काही नाही,” भाचा म्हणाला. “कागदपत्रं.”

पोराने किल्ली फिरवून सीट उचलली. आत आरसी-इन्शुरन्सचं पाकीट होतं, पुसायचं फडकं होतं आणि एक पातळ गुलाबी कॅरीबॅग. बॅगेत कुंकवाची पुडी, हळदीची पुडी, वाळलेला तांबूल आणि देवीचा बिल्ल्याएवढा फोटो. बॅगेचं तोंड एका रबराने अर्धवट बांधलेलं, वरचा घोळ मोकळा. तिच्या बोटभर अंतरावर एअर फिल्टरच्या डब्याचं तोंड. इंजिन श्वास घेतं ते तिथून.

“रेस द्या,” पोरगा म्हणाला.

भाच्याने हळू रेस दिली. बॅगेचा घोळ थरथरला. त्याने मूठ आणखी पिळली. घोळ सुळकन सरकला आणि फट्ट करून त्या तोंडावर जाऊन बसला. प्लॅस्टिक आत ओढलं गेलं, ताणलं, त्यावरची साड्यांच्या दुकानाची जाहिरात वाचता येईल इतकं सपाट झालं. गाडी घुर्रर्र करून बसली. मूठ सोडली, बॅग गळून पडली. गाडी गुणी.

लग्नात वाढपी भातावर भात वाढत सुटावा आणि वरणवाला कुठेच नसावा, तसं इतका वेळ आत चाललं होतं. मूठ पिळली की कॉम्प्युटर पेट्रोल सोडत होता, पण हवेचा पत्ता नव्हता. पेट्रोल अर्धवट जळत होतं आणि काजळी प्लगवर. आणि उभ्या गाडीला ओढच कमी, म्हणून प्रत्येक परीक्षकापुढे ती पास.

पोराने बॅग दोन बोटांनी उचलली आणि मग फोटो दिसल्यावर दोन्ही हातांनी धरली. “कुठं ठिवू?”

हा प्रश्न आमच्या अधिकाराबाहेरचा होता. भाच्याने ताईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

“आई, तू सीटखाली पिशवी ठेवली होतीस का?”

“हो मग! रक्षणाला.”

“अगं, तिच्यामुळे गाडी पंचेचाळीसच्या वर जायली नव्हती!”

तिकडे क्षणभर काहीच नाही. मग ताई म्हणाली, “तूच वाचून दाखवलंस ना मला पुस्तकातलं? पहिले 500 किलोमीटर गाडी पंचेचाळीसच्या वर न्यायची नाही म्हणून? तू ऐकणार होतास का?”

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी मेस्त्रीकडे पाहिलं. मेस्त्री सीट बसवत होता, खाली मान घालून, खांदे हलत होते त्याचे.

“किती झाले?” मी विचारलं.

“पन्नास द्या,” तो म्हणाला. “अन् पिशवी मामांच्या खिशात ठिवा. मागं बसणाऱ्यालाच जास्त गरज हाय.”