आधी सुई बदला

वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १८३०च्या दशकात दोन दोऱ्यांनी टीप मारणारं शिलाई मशीन बनवलं, आणि पेटंट काही घेतलं नाही. पुढं १८४९ साली त्यानं सेफ्टी पिन काढली. लोक याला योगायोग म्हणतील. ज्याच्या घरात शिलाई मशीन आहे तो म्हणणार नाही. मशीन घरात असलेल्या माणसाला सेफ्टी पिन सुचणारच. आमच्याकडं सोनेरी वेलबुट्टीचं काळं पायमशीन आहे आणि त्याच्याच खणात सेफ्टी पिनांचा डबा आहे. दोन्हींतलं जास्त काय वापरलं जातं, हे पाहुण्यांनी विचारू नये.

मशीन नीट चालत असताना त्याच्याकडं कुणी फिरकत नाही. त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जातात. बिघडलं, की घरात लपून बसलेले सगळे इंजिनियर बाहेर येतात.

दिवाळीच्या तोंडावर आत्यानं पडदे शिवायला काढले, आणि चार बोटं टीप झाल्यावर कापड पुढं सरकेना. उलटून पाहिलं तर खाली दोऱ्याची जाळी. वरून टीप अशी सरळ, की कुणीही फसावं. काका आले. काकांनी जाळी पाहिली, "खालचा दोरा सैल आहे" असा निकाल दिला आणि बॉबिनची डबी काढून तिच्यावरचा तो इवलासा स्क्रू पिळला. तो स्क्रू ज्यानं बनवला त्यानं तो मुद्दामच एवढा बारीक ठेवला असावा, माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये म्हणून. पण आपल्याकडं स्क्रू दिसला की पिळायचा, हे ठरलेलं आहे. रेडिओ, पंखा, चष्मा, कशालाच आपण सोडलेलं नाही.

खरी गोष्ट अशी, की गुंता खाली दिसत असला तरी तो दोरा बहुतेक वेळा वरचाच असतो. खात्री करायची तर वर पांढरा आणि खाली लाल दोरा घालून पाहावा. जाळी पांढरी निघते. सुई खाली जाते, तिच्या दोऱ्याचा फास बॉबिनच्या डबीभोवती फिरून येतो, आणि मग वर तो सतत नाचणारा दांडा उरलेला दोरा खालून ओढून घेतो. त्यासाठी टेन्शनच्या दोन चकत्यांनी दोरा चिमटीत धरलेला हवा. तो धरलेला नसेल तर दांडा ओढणार कुणाला? रिळालाच. रीळ बिचारं देत राहतं आणि खाली जाळी विणली जाते.

चकत्या दोरा का धरत नाहीत, याचं उत्तर मशीनच्या पायाशी आहे, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या त्या लोखंडी पायाशी. पाय वर असला की चकत्या उघडतात, खाली असला की मिटतात. आत्यानं पाय खाली ठेवून दोरा ओवला होता. दोरा चकत्यांच्या आत गेलाच नाही, काठावरून निघून गेला. पाय उचलून ओवायचा आणि मग खाली सोडून शिवायचं, एवढंच. पण एवढंसंच उत्तर असेल तर काकांनी पाना कशासाठी आणला होता?

बाकी दोऱ्याची वाट म्हणजे लग्नाची आमंत्रणं. रिळाच्या दांडीवरून निघायचं, वरच्या कडीला भेटायचं, चकत्यांमधून जायचं, छोट्या स्प्रिंगला वळसा घालायचा, नाचणाऱ्या दांड्याच्या भोकातून जायचं, खालच्या कड्यांना विचारायचं आणि शेवटी सुईकडं. यातलं एकही घर चुकवून चालत नाही. चुकवलेलं घर तोंडानं काही बोलत नाही, ऐन कार्यात मात्र दोरा तोडतं.

पण सगळ्यांत मानी सुई. हातसुईचं नेढं मागं असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. एलियास होवेच्या १८४६च्या पेटंटमध्ये हीच सुई होती, आणि पुढं तिच्याच जोरावर त्यानं आयझॅक सिंगरला कोर्टात नमवलं. सिंगरचा विषय निघालाच आहे तर सांगते: यंत्रांच्या विरोधात बोलताना गांधीजींनी १९२४ साली सिंगरच्या मशीनचा अपवाद केला होता. बायकोचे शिवणाचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरनं प्रेमापोटी ते बनवलं, अशी त्यांची समजूत होती. सिंगरच्या मुलांची संख्या वीसच्या पुढं जाते. त्याच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण हिशेब एका बायकोपाशी थांबत नाही.

तर सुई. तिच्या दांड्याची एक बाजू चपटी असते आणि दुसऱ्या बाजूला लांब खाच. खाच असते त्या बाजूनंच दोरा ओवायचा. सुई पार वरपर्यंत ढकलून मग स्क्रू आवळायचा. चपटी बाजू चुकली, सुई जरा खाली राहिली किंवा केसाएवढी वाकली, तरी टाके सुटतात. दुकानात गेलं की दुकानदार "किती नंबर?" विचारतो. रोजच्या सुती कापडाला चौदा, त्याहून जाड असेल तर सोळा, अगदी तलम असेल तर अकरा. टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई लागते, नाहीतर दोन टाके घालायचे आणि तिसरा गाळायचा, असा साध्या सुईचा उपास सुरू होतो.

एवढं असून मशीन बिघडल्यावर सुईवर संशय सगळ्यांत शेवटी जातो. कारण उघड आहे. ती स्वस्त असते. घरातली चार मोठी माणसं दुपारभर घाम गाळतात आणि दोष काही रुपयांच्या सुईत निघतो, हे कुणाच्याच प्रतिष्ठेला परवडत नाही. त्यापेक्षा "मशीनचं आयुष्य संपलं" हे ऐकायला बरं वाटतं.

म्हणून तर आजीनं तेल सुचवलं. खोबरेल. तेल घालताना मशीन खरंच गोडीत चालतं. पुढं थंडी पडली की तेच तेल आत गोठतं, त्यावर कापडाचे तंतू बसतात आणि चाक फिरवायला दोन माणसं लागतात. मशीनचं पातळ तेल वेगळं मिळतं, आणि ते घातल्यावर आधी चिंधीवर चालवून घ्यायचं असतं, नाहीतर पहिला डाग ठरल्यासारखा नव्या पडद्यावरच पडतो.

या गडबडीत चुलतभावानं बॉबिन भरून दिली. भरताना चाकाच्या मधली चकती सैल करतात, म्हणजे सुई थांबते आणि नुसतं चाक फिरतं. ती पुन्हा आवळायची राहिली. आता पाय मारला की चाक गरगर फिरे आणि सुई ढिम्म. काका गंभीर झाले. "आतला गियर गेला," ते म्हणाले. एव्हाना शेजारच्या वहिनीही आल्या होत्या. त्यांनी दृष्ट काढायला सांगितलं. अख्ख्या दुपारभरात निरुपद्रवी असा हा एकच उपाय.

शेवटी कोपऱ्यावरच्या टेलर मास्तरांना बोलावलं. त्यांनी आधी चाकाची चकती आवळली. मग काही न विचारता सुई काढली, नखावर फिरवून पाहिली, खिशातली नवी लावली. पाय उचलून दोरा ओवला, दोन्ही दोऱ्यांची टोकं मागं धरून चिंधीवर टीप मारली. मग बॉबिनची डबी दोऱ्याला लटकवून हलकाच झटका दिला. ती थोडी घसरून थांबायला हवी होती. ती हललीच नाही.

"हा स्क्रू कुणी पिळला?"

खोलीत कुणी कुणाकडं पाहिलं नाही. आजीनं तेलाची वाटी पदराआड घेतली. मास्तरांनी स्क्रू सैल करून जागेवर आणला. सगळ्या कामात जास्त वेळ यालाच लागला. टीप सरळ पडू लागली, आत्या पडद्याला बसली. जिन्यापर्यंत मास्तरांना सोडायला काका गेले, आणि परत येऊन म्हणाले, "मास्तरही म्हणाले, स्क्रूचाच प्रॉब्लेम होता."