राजमान्य राजेश्री जेपीजीसाहेब यांसी अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री जेपीजीसाहेब, मुक्काम व्हॉट्सअप, यांसी आळेफाटा येथील एका निवृत्त अव्वल कारकुनाचे कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

आपला माझा परिचय अलीकडचा. महसुली दफ्तरात नक्कल अस्सलात मिसळू न देण्यात उभी हयात घालवल्यानंतर, पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन हमरस्ते जेथे एकमेकांस छेदतात त्या आमच्या फाट्यावर, पुतण्याच्या फ्लेक्सच्या दुकानातली कोपऱ्यातील खुर्ची मी दुपारभर अडवून बसतो, आणि तेथे दिवसाकाठी दहा वेळा तरी आपले दर्शन घडते. कांद्याची वखार असो, टोमॅटोची गाडी असो, दूध डेअरी असो वा मिसळीचे हॉटेल, प्रत्येकाच्या खिशात आपण ‘आमचा लोगो’ या नावाने विराजमान आहात. आणि आपल्यावरील लोकांची ही अढळ निष्ठा पाहून माझ्यासारख्या संशयी माणसासही क्षणभर गहिवरून येते.

परवा एक व्यापारी आले. नव्या गाळ्यासाठी दहा फूट रुंदीचा फलक हवा होता. “लोगो टाकलाय की व्हॉट्सअपला, तोच मोठा करा, त्याला काय लागतंय?” असे म्हणून त्यांनी चहा मागवला, आणि पुतण्याने आपणांस पडद्यावर पाचारण केले. साहेब, आपली वंशावळ मी त्या चहाच्या अवधीत चौकशी करून काढली ती अशी: कोणा चित्रकाराने मूळ चिन्ह रेखिले, त्यावरून व्हिजिटिंग कार्ड छापले गेले, त्या कार्डाचा मेहुण्याने मोबाइलवर फोटो काढला, तो व्हॉट्सअपने आपल्या सोयीप्रमाणे आकसवून इकडे पोचवला, आणि त्याचाही स्क्रीनशॉट घेऊन आपण प्रकट झालात. नकलेच्या नकलेची अशी नक्कल मी दफ्तरात अस्सल म्हणून दाखल करून घेतली असती, तर मामलेदारांनी माझा पगार नव्हे, पेन्शनसुद्धा आगाऊ थांबवली असती.

आपली रुंदी भरली ६४० ठिपके. दहा फूट म्हणजे ३,०४८ मिलिमीटर. तेव्हा एकेक ठिपका सुमारे पावणेपाच मिलिमीटरचा, म्हणजे टपोऱ्या ज्वारीच्या दाण्याएवढा झाला, आणि दुकानाच्या नावातील जी वेलांटी कार्डावर नागिणीसारखी डौलदार होती, ती फलकावर लेण्याद्रीच्या पायऱ्यांसारखी चढू-उतरू लागली. “फुटतंय हे,” पुतण्या म्हणाला. “जरा क्लिअर करा ना,” व्यापारी म्हणाले. ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानेश्वरांनी वेद वदविले अशी श्रद्धा आहे, त्याची समाधी येथून जवळच आळे गावी आहे खरी. परंतु म्हणून या चौकातील प्रत्येक दुकानदारास ती सिद्धी प्राप्त झाली आहे, असा जो समज पंचक्रोशीत रूढ आहे त्यास कोणताही आधार नाही.

आपला अधिक्षेप करण्याचा हेतू नाही. १९९२ साली ज्या तज्ज्ञमंडळाने आपणांस प्रमाणित केले, त्याच्या नावातच ‘छायाचित्र’ हा शब्द आहे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे पाडावेत, डोळ्यास चुकल्यासारखे वाटणार नाही एवढा बारकावा त्यातून गुपचूप गाळावा आणि अवजड चित्र हलके करावे, ही आपली विद्या खरोखर अद्भुत आहे. शिवनेरीवर उतरलेल्या श्रावणातल्या ढगांच्या फोटोसाठी आपल्यासारखा सेवक नाही. पण ढगाला कड नसते, अक्षराला असते. त्या कडेभोवती आपण माश्या घोंगावल्यासारखी जी धूळ उडवता, आणि पुन्हापुन्हा उघडून साठवले की दर खेपेस जो आणखी थोडा ऐवज गहाळ करता, त्यास दफ्तरात अपहार म्हणत असत. शिवाय पारदर्शकता आपल्या घराण्यात नाही. त्यामुळे हिरव्या पिकअपच्या दारावर चिन्हाभोवती पांढरा चौकोन येतो, आणि मालकाला वाटते, रंगवणाऱ्याने ठिगळ लावले.

आपले धाकटे चुलतभाऊ पीएनजी, जन्म १९९६, हे त्या मानाने सचोटीचे. ते काही गाळत नाहीत आणि मागचा रंग दिसू देतात. मोबाइलसाठी, संकेतस्थळासाठी त्यांना खुशाल पाठवावे. पण त्यांचीही पुंजी मोजक्या ठिपक्यांचीच. भिंतीएवढे व्हा म्हटले की त्यांचाही धीर सुटतो.

अस्सल दस्तऐवज निराळाच असतो. त्यात ठिपके नसून रेषांचा कायदा लिहिलेला असतो: अमुक बिंदूपासून अमुक बिंदूपर्यंत, अमुक वळणाने. हे गणित सिट्रोएन कंपनीत कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये, आणि पुढे रेनॉ कंपनीत बेझिए यांनी, मोटारींच्या पत्र्याला वळण देण्यासाठी मांडले; आज त्याच्याच जोरावर एकच चिन्ह पेनावर आणि गोदामाच्या भिंतीवर सारख्याच धारेने उमटते. आमच्या जुन्या पेंटरांना यात नवल वाटू नये. लहान चित्रावर चौकटी आखून तेच प्रमाण भिंतीवर उतरवणारा माणूस मापे मोठी करीत असे, डाग मोठे करीत नसे. सीडीआर, ईपीएस, एआय, २००१ सालचे एसव्हीजी ही सारी या अस्सलाची रूपे. बाजारात त्यांना एकच नाव, ‘ओपन फाईल’. गाडीच्या काचेवर रेडियम कापणारे यंत्र तर तिच्यावाचून हलत नाही, कारण त्याचे पाते रेषेवरून चालते, आणि आपल्याजवळ, साहेब, रेषा नावाची वस्तूच नाही. मग पुतण्या आपल्यावरून माऊसने एकेक वळण नव्याने ‘ट्रेस’ करीत बसतो, आणि त्या दोन तासांचे पैसे मागितले की ग्राहक म्हणतो, लोगो तर मीच दिला होता!

ओपन फाईल मिळाली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. नाणेघाटात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख दोन हजार वर्षे दगडात टिकून राहिला, पण ती लिपी विसरली गेली होती. १८३७ मध्ये प्रिन्सेपने ती उलगडेपर्यंत अक्षरे होती आणि वाचक नव्हता. आमच्या व्यापाऱ्यांस त्याचा अनुभव रोज येतो: एका दुकानातल्या जुन्या फॉन्टमधील ‘सद्‌गुरू कृपा’ दुसऱ्या दुकानी उघडले की स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी अक्षरांचा शिलालेख होतो. अक्षरांचे आधीच ‘कर्व्ह’ करून, म्हणजे त्यांना लिपीतून सोडवून निव्वळ आकृती करून ठेवले, की ही आपत्ती टळते. पडद्यावरचा झगझगीत हिरवा छापताना मलूल का होतो, हा तंटा प्रकाश आणि शाई यांच्यामधला आहे. त्यात मी पडत नाही.

तर त्या व्यापाऱ्यांस मी एवढेच सुचवले, की मूळ चित्रकाराकडून ओपन फाईल मागवा, आणि ती येताना फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून येऊ द्या. त्यांना ते पटले. सायंकाळी ते विजयी मुद्रेने परतले; चित्रकाराचा नंबर लागला नाही म्हणून मेहुण्यानेच पीडीएफ करून पाठवली होती. पीडीएफ हे नाव ऐकून पुतण्याचाही चेहरा उजळला, कारण त्या पेटीत अस्सल रेषा राहू शकतात. त्याने ती अदबीने उघडली, भिंग लावून मोठी केली, आणखी मोठी केली.

आत आपणच बसला होतात.

बहुत काय लिहिणे. लेखनसीमा.