घरगुती संगणकातील बाधित नस्त्या दुरुस्त करणेबाबत

एकतीस वर्षे मी एका सरकारी कार्यालयात नस्त्या सांभाळल्या. नस्ती म्हणजे फाईल. पण कागदावर लिहिताना नस्ती आणि साहेबांशी बोलताना फाईल, असा आमचा दंडक होता. या काळात वाळवी लागलेल्या नस्त्या पाहिल्या, छपरातून गळून भिजलेल्या पाहिल्या, आणि एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जाताना वाटेतच गतप्राण झालेल्याही पाहिल्या. त्यामुळे मागच्या श्रावणात घरच्या कॉम्प्युटरची 'सिस्टिम फाईल करप्ट' झाल्याचे निदान झाले, तेव्हा घरात मी एकटाच घाबरलो नाही. फाईल आणि करप्ट हे दोन शब्द शेजारी शेजारी बसलेले पाहण्याची मला सवय होती.

ज्यांच्या घरी विंडोज 10 किंवा 11 आहे, ज्यांची मुले परगावी आहेत, आणि ज्यांच्या गल्लीतला दुरुस्तीवाला कुठल्याही दुखण्यावर "काका, फॉरमॅट मारावं लागेल" एवढे एकच औषध सांगतो, अशा नागरिकांसाठी सदर मार्गदर्शिका आहे. फॉरमॅट मारणे म्हणजे एका नस्तीला वाळवी लागली म्हणून कार्यालय जाळून नवे बांधणे. तोही उपाय आहे, नाही असे नाही. पण तो शेवटचा.

आधी दुखणे कोणते ते ओळखावे. एखादा फोटो उघडत नसेल तर तो फोटो खराब आहे, त्यात सिस्टिमचा दोष नाही. सिस्टिम फाईल बिघडली की मात्र सगळीकडे थोडे थोडे बिनसते. खिडकी उघडते आणि आपले तोंड पाहून मिटते. स्टार्टवर टिचकी मारली तर काहीच होत नाही. अमुक डीएलएल सापडत नाही अशी तक्रार येते. आणि मधूनच सगळा पडदा निळा होऊन त्यावर रडका चेहरा उमटतो. हा चेहरा विंडोज 8 पासूनचा; 2025 मध्ये विंडोज 11 मधला पडदा काळा झाला आणि चेहरा गेला. आमच्याकडे 10 असल्यामुळे तो अजून आहे. विंडोज 10 चा नेहमीचा मोफत पाठिंबा मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला, म्हणजे आमचा कॉम्प्युटरही आता माझ्यासारखाच सेवानिवृत्त. फरक एवढाच की त्याला पेन्शन नाही.

कारणांची चौकशी मीच केली. आमच्या भागात गुरुवारी लाईट जाते. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी बसल्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती. लाईट गेली की तो नुसता टूं टूं करायचा, म्हणजे जे आपल्याला दिसतेच आहे ते कळवायचा. तरीही सगळे खापर गुरुवारवर फोडणे न्यायाचे झाले नसते. खरा प्रकार आदल्या बुधवारी रात्री घडला होता. अपडेट चालले होते, 'कॉम्प्युटर बंद करू नका' असे पडद्यावर स्पष्ट लिहिले होते, आकडा पाऊण तास 87 टक्क्यांवर बसून होता आणि मला झोप येत होती. मी डब्याचे बटण दाबून धरले. पाच सेकंदांत सगळे शांत झाले. चौकशी अहवालात 'जबाबदार कर्मचारी' या रकान्यात मी अहवाल लिहिणाऱ्याचेच नाव घातले आणि खाली शेरा मारला: पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही.

यात बिघडते काय, हे दफ्तरातल्या माणसाला समजवावे लागत नाही. विंडोज बराचसा मजकूर लगेच डिस्कवर लिहीत नाही, आधी मेमरीत साठवते. शिपाईसुद्धा दहा कागद जमल्याखेरीज जिना चढत नाही. मध्येच वीज तोडली की शिपायाच्या हातातले कागद गेले. एनटीएफएस ही डिस्कवरची मांडणी स्वतःचे एक जावक रजिस्टर ठेवते, त्यामुळे कपाटे आणि कप्पे बहुधा सावरले जातात. पण रजिस्टरात नोंद आहे म्हणून आतला कागद पूर्ण आहे असे होत नाही. अर्ध्या पानापर्यंत मजकूर, पुढे कोरे, आणि वर ठसठशीत जावक क्रमांक. अशी नस्ती पुढच्या टेबलावर गेली की तिथला माणूस जे करतो तेच विंडोज करते. थांबते.

डिस्कवरचे खराब सेक्टर, रॅमची नादुरुस्त पट्टी, व्हायरस हीही कारणे असतात. आमच्या प्रकरणात आरोपी कबूल असल्यामुळे मी त्यांच्या वाटेला गेलो नाही.

दुरुस्तीला बसण्यापूर्वी घरातले फोटो दुसऱ्या जागी काढून घ्यावेत. डेस्कटॉपवर काही साठवू नये हे सर्वांना ठाऊक असते आणि सर्वजण तिथेच साठवतात. मुलाच्या लग्नाचे चौदाशे फोटो आमच्याकडे 'न्यू फोल्डर 3' या नावाखाली सहा वर्षे तिथे पडून होते. "अहो, आधी ते पेन ड्राईव्हवर घ्या, मग तुमचे काय प्रयोग करायचे ते करा," असे सौ. म्हणाल्या. मायक्रोसॉफ्टच्या सूचनांतही यापेक्षा महत्त्वाचे वाक्य मला आढळलेले नाही.

आता प्रत्यक्ष कार्यवाही. माझी भाची हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिचे काम दुरुस्तीशी संबंधित नाही, पण डॉक्टरच्या कंपाउंडरलाही लोक नाडी दाखवतात. तिने फोनवर सांगितले, "मामा, स्टार्टमध्ये सीएमडी टाईप कर. कमांड प्रॉम्प्ट येईल. त्याच्यावर उजवी टिचकी मार आणि रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर घे." मी म्हटले, "अगं, हा कॉम्प्युटर माझा, बिल माझ्या नावावर, मग मी पुन्हा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कशाला व्हायचे?" पण व्हावे लागते. नुसत्या मालकीच्या जोरावर आज्ञा दिली तर तो काळा चौकोन 'तुम्हाला अधिकार नाहीत' एवढे सांगून गप्प बसतो. त्याहून मौज पुढे आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर झालात तरी विंडोजच्या मूळ फायली तुमच्या नसतात. त्यांच्या मालकाच्या जागी ट्रस्टेडइन्स्टॉलर असे नाव असते. तुम्ही अध्यक्ष, पण चाव्या हेडक्लार्ककडे. ही व्यवस्था ज्याने आखली त्याने आमच्या कार्यालयात नक्की काही दिवस काढले असावेत.

आज्ञा फोनवरून उतरवून घेणे हा या कामातला सर्वांत कठीण टप्पा. "एसएफसी, मग स्पेस, मग स्लॅश, मग स्कॅननाऊ, सलग."

"स्लॅश कुठला? डावीकडे कललेला की उजवीकडे?"

"प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा, मामा."

हे वाक्य वाचकांनी लिहून ठेवावे, कारण कल कुणीकडे यावर फोनवर एकमत होणे अशक्य आहे. दुसरे, एसएफसी आणि तिरकी रेघ यांच्यामध्ये एक मोकळी जागा सोडायची. मी ती दोनदा खाल्ली. मसुद्यात समास सोडला नाही म्हणून साहेबांनी नस्ती परत पाठवल्याचे ते दिवस आठवले.

एसएफसी म्हणजे सिस्टिम फाईल चेकर. विंडोज 98 पासून हा तपासनीस सेवेत आहे. सरकारी खात्यात असता तर दोन वेतन आयोग पाहून झाले असते. काम अगदी आमच्यासारखे. विंडोजच्या फोल्डरात विनएसएक्सएस नावाचा एक जाडजूड कप्पा असतो. तो म्हणजे अभिलेख कक्ष; संरक्षित फायलींचा मूळ साठा तिथे. तपासनीस टेबलावरची एकेक फाईल घेतो, मूळ नोंदीशी ताडून पाहतो आणि फरक आढळला की टेबलावरची काढून मूळची लावतो. जागा खातो म्हणून हा कप्पा हाताने पुसणारे हुशार लोक असतात. अशांनी ही मार्गदर्शिका येथेच मिटावी. आता फॉरमॅटच.

तपासणी चालू असताना टक्के वाढत जातात. आमच्याकडे साधारण अर्धा तास लागला. शेवटी निकाल येतो आणि तो बहुधा तीनपैकी एक असतो. काहीच दोष आढळला नाही, हा पहिला. दोष आढळले आणि दुरुस्त केले, हा दुसरा. यावर पेढे वाटण्यास हरकत नाही. तिसरा निकाल वाचून मात्र मला कार्यालयात परतल्यासारखे वाटले: बाधित फायली आढळल्या, परंतु त्यांपैकी काही दुरुस्त करता आल्या नाहीत, तपशील सीबीएस लॉगमध्ये पाहावा. हा लॉग विंडोजच्या लॉग्ज फोल्डरात, सीबीएस नावाच्या कप्प्यात असतो. मी तो उघडला. हजारो ओळी. हवा असलेला तपशील त्यात निश्चित असणार. माहिती देऊनही ती न देण्याची ही कला मी कमी ठिकाणी इतकी साधलेली पाहिली आहे.

आमच्या वाट्याला हाच तिसरा निकाल आला. याचा अर्थ अभिलेख कक्षातल्या मूळ प्रतीलाच वाळवी लागली आहे. तेव्हा मुख्यालयाकडून साक्षांकित प्रत मागवावी लागते. त्या पत्राचे नाव डिझम. आज्ञा अशी: डीआयएसएम, जागा, तिरकी रेघ आणि ऑनलाईन, जागा, तिरकी रेघ आणि क्लीनअप, लगोलग आडवी छोटी रेघ, इमेज, जागा, तिरकी रेघ आणि रिस्टोअरहेल्थ. या वेळी इंटरनेट चालू हवे, कारण चांगल्या प्रती विंडोज अपडेटमार्फत येतात. खुद्द मायक्रोसॉफ्टचा सल्ला असा की आधी डिझम चालवावे आणि नंतर एसएफसी. भाचीने हे मला मागाहून सांगितले. तरी मला माझाच क्रम पटतो. स्थानिक पातळीवर प्रयत्न न करता थेट मुख्यालयाला पत्र धाडणे माझ्या वळणात बसत नाही.

आणि मग ते 62.3 टक्के.

डिझमचा आकडा मधेच एका जागी थांबतो. आमच्याकडे तो 62.3 वर थांबला. याच आकड्यावर अडकून घामाघूम झालेले लोक इतरत्रही बरेच आहेत असे भाची म्हणाली. अशा वेळी घरात काय होते ते सांगतो. पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी माऊस हलवून पाहते. दहाव्या मिनिटाला सौ. विचारतात, "झालं का?" पंधराव्याला शेजारचे काका पेपर न्यायला येतात आणि "आमच्याकडे असंच झालेलं, मी सरळ मेन स्विच बंद केला" असा अनुभव सांगतात. आणि विसाव्या मिनिटाला, वाचकहो, आपलाच उजवा हात हळूहळू त्या बटणाकडे जाऊ लागतो. बुधवारी रात्री गेला होता तोच हात. मी भाचीला फोन लावला. "मामा, हात लावू नकोस," ती म्हणाली, "आत काम चालू आहे." आयुष्यभर मी लोकांना खिडकीतून हेच सांगत आलो होतो, आणि ते कधीकधी खरेही असायचे. मी हात मांडीखाली घेऊन बसलो. चाळीस मिनिटांनी आकडा हलला आणि एकदम शंभरावर गेला. सरकारी नोकरी केलेला माणूस या कामाला का लायक, ते इथे कळते. थांबलेल्या आकड्याकडे शांतपणे पाहत बसण्याचे प्रशिक्षण आम्हाला शासनखर्चाने मिळालेले असते.

त्यानंतर कॉम्प्युटर रीतसर बंद करून चालू करावा आणि एसएफसी पुन्हा चालवावे. आमच्याकडे दुसरा निकाल आला. पेढे आणले.

इतके करूनही तेच दुखणे परत आले तर डिस्कची तब्येत पाहावी. चेकडिस्क (सीएचकेडीएसके) ही आज्ञा सी ड्राइव्हसाठी, शेवटी तिरकी रेघ आणि एफ जोडून, दिली की ती म्हणते, जागा सध्या वापरात आहे, पुढच्या वेळी चालू करताना तपासू का? वाय दाबावे. खराब सेक्टर शोधायला सांगितले तर मोठ्या डिस्कवर रात्र जाते, म्हणून झोपताना लावावे, आणि अर्थातच बुधवारी लावू नये. कॉम्प्युटर उघडतच नसेल तर विंडोजचे दुरुस्तीचे पान पुढे येते. तिथून मागच्या तारखेला परतता येते, किंवा 'माझ्या फायली ठेवा' म्हणून विंडोज नव्याने बसवता येते. दुसऱ्या उपायात फायली राहतात, पण बाहेरून टाकलेले प्रोग्राम जातात. सौंना मराठी टाईप करायचे सॉफ्टवेअर त्यातच असल्यामुळे आमच्याकडे तो प्रस्ताव नामंजूर झाला.

दोन गोष्टी करू नयेत. हरवलेली एकटी डीएलएल कुठल्यातरी अनोळखी जागेवरून उतरवून घेऊ नये. ती रस्त्यावर मिळालेल्या झेरॉक्सवर शिक्का मारून नस्तीत लावण्यासारखी आहे, आणि शिक्का कुणाचा ते आपल्याला ठाऊक नसते. आणि तुमचा कॉम्प्युटर खराब झाल्याचे कळवायला मायक्रोसॉफ्टमधून आपणहून फोन येत नाही. मला आला होता. मी त्या गृहस्थांना लेखी अर्ज करायला सांगितले. पुन्हा फोन आला नाही.

यूपीएसची बॅटरी गेल्या महिन्यात बदलली. पावती कपाटात आहे, नस्ती क्रमांक सात.