सातव्या निकषाची फाइल

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांपैकी स्त्री-पुरुष समानता सातव्यात येते. त्यामुळे ती फाइल कुणी करायची यावर आमच्या कॉलेजात चर्चाच झाली नाही. पहिले सहा निकष सरांकडे, सातवा मॅडमकडे. 'तुमचाच विषय आहे,' असं एका ज्येष्ठ सरांनी कन्यादान उरकल्याच्या समाधानानं सांगितलं.

मग आम्ही समानतेचे पुरावे गोळा करायला लागलो. लेडीज रूम होती. यूजीसीच्या 2015 च्या नियमांप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती होती, तिचा फलकही होता. (त्यावरचा एक फोन नंबर कधीच्या निवृत्त झालेल्या बाईंचा निघाला, तो बदलला.) आठ मार्चचं व्याख्यान होतं, समोर मुली, व्यासपीठावर सगळे सर. अडलं ते पाळणाघरापाशी. नकाशात खोली होती, खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. गठ्ठे हलले, भिंतीवर छोटा भीम आला, लाकडी घोडा आला. पण फोटो जिओ-टॅग केलेला हवा, आणि रिकाम्या घोड्याचा फोटो पाठवणार कसा? शिपाईमामांच्या नातीला बोलावलं. ती काही घोड्यावर बसेना, तिला डस्टर हवं होतं. शेवटी डस्टरसकट बसवली. फोटो काढणाऱ्या मॅडमचा दीड वर्षाचा मुलगा तेव्हा सासूबाईंकडे तापानं फणफणला होता. त्याची नोंद करायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

अशा वेळी मला कमला सोहोनी आठवतात. 1933 मध्ये, तेव्हाच्या कमला भागवत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. बाई हटल्या नाहीत. तेव्हा अटी घालून घेतलं : पहिलं वर्ष तात्पुरतं, आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होऊन तिथलं वातावरण बिघडता कामा नये. बाईंनी वातावरण काही बिघडवलं नाही. 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. तेवढी मिळवली. आता तशी अट कुणी घालत नाही. उलट वातावरण प्रसन्न ठेवणं हे आमच्याच ड्यूटीत बसतं. पाहुणे आले की रांगोळी, औक्षण, स्वागतगीत. 'फिजिक्सच्या मॅडमचे ठिपके अगदी सरळ रेषेत येतात,' हे त्यांच्या डॉक्टरेटचं आमच्याकडे झालेलं सर्वांत जाहीर कौतुक.

नियम तसे प्रेमळ आहेत. पीएच.डी.साठी बायकांना दोन वर्षं जास्त, शिवाय बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा. चांगलंच आहे, थट्टा करू नये. फक्त ती दोन वर्षं कुठे जातात ते प्रबंधाच्या ऋणनिर्देशात वाचावं. सर लिहितात, 'संसाराच्या जबाबदाऱ्यांतून मुक्त ठेवल्याबद्दल पत्नीचा ऋणी आहे.' मॅडम लिहितात, 'सासरच्या मंडळींनी परवानगी दिली.'

हे झालं कायम नोकरीवाल्यांचं. तासिका तत्त्वावरच्यांचा हिशेब सोपा : तास झाला तर मानधन, दिवाळी आणि मे महिना कोरडा. यात मुलगेही भरपूर आहेत, नेट-सेट होऊन त्यांची लग्नं अडलीत. म्हणजे इथे समानता बऱ्यापैकी साधली आहे. मुलींची लग्नं होतात, पण मग बाळंतपणं येतात. आमच्याकडची एक आठव्या महिन्यातही कठड्याला धरून तिसरा मजला चढायची, कारण तास बुडला की पैसे बुडाले. फाइलमधला भरपगारी प्रसूती रजेचा परिच्छेद तिच्याकडूनच लिहून घेतला. तिचं शुद्धलेखन चांगलं आहे.

नॅकच्या समितीची भेट पार पडली. पाहुण्यांना पाळणाघर फार आवडलं.

यंदा मी प्राचार्यांकडे परीक्षा विभाग मागितला. ते खरोखरच्या काळजीनं म्हणाले, 'मॅडम, पेपरच्या दिवसांत तिथे रात्रीचे आठ वाजतात. तुम्हाला घरी जायला उशीर होणार.' मी म्हटलं, 'सर, नॅकच्या आदल्या रात्री रांगोळी संपवून आम्ही गेटबाहेर पडलो, तेव्हा साडेदहा झाले होते.'

'ते वेगळं हो,' सर म्हणाले. 'ते आपलं घरचं कार्य होतं.'