शाळा बघायला स्लाऊला

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून जलद गाडी पकडली की वीसेक मिनिटांत स्लाऊ येतं. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत हे गाव सापडायचं नाही. जॉन बेटजेमन या कवीने तर १९३७ साली चक्क कविता लिहून इथे बॉम्ब पडावेत अशी इच्छा व्यक्त केली होती. पाच नंबरच्या फलाटावर काचेच्या पेटीत जिम नावाचा पेंढा भरलेला कुत्रा आहे. रेल्वे कामगारांच्या विधवा-अनाथांसाठी तो प्रवाशांकडून पैसे गोळा करायचा आणि १८९६ साली वारला. स्थलदर्शन इथे संपलं. तरीही इंग्लंडात नोकरी लागलेलं मराठी जोडपं बॅगा भरायच्या आधी या गावाचा नकाशा तोंडपाठ करतं. कारण अख्ख्या इंग्लंडात ग्रामर स्कूल १६३, आणि त्यातली चार इथे. ग्रामर स्कूल म्हणजे सरकारी, फुकट, आणि वर प्रवेशपरीक्षा! अजून काय हवं? परीक्षा सहावीच्या सुरुवातीला असते आणि चिरंजीव सध्या साडेचार वर्षांचे आहेत, ही किरकोळ बाब.

या सगळ्या तयारीची सुरुवातच उलट्या टोकाकडून होते. सरकारी प्राथमिक शाळेत प्रवेश कौन्सिलमार्फत मिळतो आणि गुणवत्तेचा तिथे संबंध येत नाही. आधी सरकारच्या देखरेखीखालची मुलं, मग बहुधा ज्यांचं भावंड त्याच शाळेत आहे ती, आणि मग अंतर. बहुतेक ठिकाणी ते घरापासून शाळेपर्यंत सरळ रेषेत मोजतात. मधे तळं असो की रेल्वेचे रूळ, कौन्सिलच्या संगणकाला पर्वा नाही. आपल्याकडे आरटीईच्या अर्जात एक किलोमीटर की तीन, यावर ज्यांनी रात्री जागवल्या त्यांना हे ओळखीचं वाटेल, फक्त इथे गोष्ट मीटरवर येते. प्रतीक्षायादी तर आणखी गमतीची. आधी नाव घातलं म्हणून आधी नंबर लागत नाही. शाळेच्या जवळ कोणी नवं राहायला आलं की तिसऱ्या नंबरवरचे तुम्ही चौथ्यावर घसरता, तेही घरबसल्या. लहान वर्गांत एका शिक्षकामागे तीसच मुलं, असा कायदा आहे, त्यामुळे ‘एक बाक वाढवा ना सर’ इथे चालत नाही. देणगीचं पाकीट तर खिशातच राहू द्यावं. आणि नोव्हेंबरात विमानातून उतरणाऱ्याला जिथे जागा रिकामी असेल तीच शाळा मिळते.

यावर अभ्यासू बाप म्हणतो, मग ‘आउटस्टँडिंग’ शाळेच्या शेजारीच घर घेऊ. घ्या, तेवढं भाडं परवडत असेल तर घ्याच. पण तो शेरा कधीचा आहे हेही बघा. २०१२ ते २०२० या काळात ऑफस्टेड ही तपासणी संस्था असा शेरा मिळालेल्या शाळांकडे नेमाने फिरकतच नव्हती, त्यामुळे काही शाळांनी दहा-दहा वर्षं जुन्या कौतुकावर दिवस काढले. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना असा एका शब्दाचा एकूण शेरा देणंच बंद झालं. आणि शाळेच्या थोरपणावरच जायचं तर स्लाऊहून विंडसरला जाणारी छोटी गाडी सहा मिनिटांत ईटनच्या बाजूने जाते. राजा सहाव्या हेन्रीने १४४० साली सत्तर गरीब मुलांना फुकट शिकवायला काढलेल्या या शाळेची वर्षाची फी आता ६०,००० पौंडांच्या पुढे आहे.

कागद बाजूला ठेवून शाळा आतून बघायला गेलं तर आपला पालक हमखास गांगरतो. रिसेप्शनच्या, म्हणजे चार-पाच वर्षांच्या पोरांच्या वर्गाबाहेर रबरी बुटांची रांग, नावाच्या खुंट्यांना लटकलेले कोट, आणि अंगणात जुनी पातेली, कढया, डाव मांडलेलं चिखलाचं स्वयंपाकघर. मुलं तल्लीन होऊन चिखल ढवळत असतात. वर्गात पहिला कोण येतो, या प्रश्नावर बाई नुसत्या हसतात. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर हजर झालेल्या आजी विचारतात, “अगं, यासाठी विमानाची तिकिटं काढलीत?”

आजींच्या प्रश्नामागे खरी काळजी आहे ती परतीची. दोन-तीन वर्षांनी पुन्हा कोथरूडला आलो तर पाढे, मराठी, हिंदी यांचं काय? सहा-सात वर्षांचं पोर एका वर्षात भरून काढतं, त्याची फार चिंता नको. मात्र मुलगी नववीच्या वयाची असेल तर आजींचं शंभर टक्के बरोबर. तिथला दहावी-अकरावीचा जीसीएसई आणि आपल्याकडचा बोर्डाचा अभ्यास यांच्या मधोमध गाडी बदलायला लावणं जाचक आहे, आणि त्या वयाला शाळेचा विचार नोकरीच्या आधी करावा.

लहानग्यांच्या बाबतीत मात्र शाळा साधारण सव्वातीनला सुटते, हीच सगळ्यात मोठी गोष्ट. दाराशी यायला रिक्षावाले काका नाहीत, स्कूल बस बहुधा नाही, आणि ओळखीचं मोठं माणूस दिसल्याशिवाय बाई पोराचा हात सोडत नाहीत. आईची मीटिंग तीनला, बाबा लंडनहून परतीच्या गाडीत. तेव्हा घरमालकाला फोन कराल तेव्हा शेऱ्याआधी दोन गोष्टी विचारा: शाळा चालत किती मिनिटांवर आहे, आणि तिच्या आफ्टर-स्कूल क्लबात जागा आहे का. क्लबाचीही प्रतीक्षायादी असते. तिथे मात्र बऱ्याचदा आधी येईल त्याचा नंबर आधी लागतो.